वर जाणारी वाट वॉर्डाबाहेर का जाते?

शहाड हे कल्याण आणि आंबिवली यांच्या मधलं छोटं स्टेशन. एका अंगाला उल्हासनगर आणि सेंच्युरी रेयॉनचा पसारा, जवळच उल्हास नदी, आणि रुळांवरच्या पुलावरून मुरबाडकडे निघालेला रस्ता. नर्सिंगचा विचार करायला हे ठिकाण फार सोयीचं आहे, कारण इथून निघणाऱ्या प्रत्येक दिशेला वेगळ्या जातीची नर्सिंग भेटते. मुंबईच्या दिशेने लोकल पकडली की परळची टाटा आणि केईएमसारखी रुग्णालयं, म्हणजे अतिविशेष उपचारांची दुनिया. रिक्षाच्या अंतरावर कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आणि गल्लोगल्ली दहा-वीस खाटांची नर्सिंग होम. मुरबाड-शहापूरच्या बाजूला वळलं, की प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि आदिवासी पाड्यांमधली उपकेंद्रं. या पट्ट्यात राहून जीएनएम झालेली, दहा-बारा वर्षं तिन्ही शिफ्टमध्ये खपलेली सिस्टर जेव्हा पुन्हा शिकायचं मनावर घेते, तेव्हा तिला सगळे एकच शिडी दाखवतात: आधी पोस्ट बेसिक, मग एमएस्सी, जमलं तर पीएचडी. शिडी खरी आहे, पायऱ्याही मजबूत आहेत. पण ती वॉर्डाला टेकवलेली नाही, नर्सिंग कॉलेजच्या भिंतीला टेकवलेली आहे. पुन्हा शिकायला निघालेल्या नर्सने कोणती पदवी मोठी हे विचारण्याआधी कोणत्या पदवीच्या पुढे खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीला रुग्णाबाबत काही ठरवण्याचा अधिकार आहे का, हे विचारावं, असं माझं म्हणणं आहे. हा हिशेब मांडला की शिडीचा क्रम बराचसा उलटा होतो.

शिडी आधी नीट पाहू. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. ती झालेल्या नर्सला पदवी हवी असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. त्यापुढे दोन वर्षांचं एमएस्सी, ज्याला पदवीत किमान 55 टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. एमएस्सीच्या शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, कम्युनिटी, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, आणि मानसिक आरोग्य. कागदावर या पाचही शाखा रुग्णाशी निगडित आहेत. बालरोग नर्सिंगमध्ये एमएस्सी केलेली बाई एनआयसीयूची मुख्य आधार असावी, हेच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती बहुधा दुसऱ्या वर्षाच्या मुलींना बालरोग नर्सिंगचा पेपर शिकवत असते. याचं कारण तिच्या स्वभावात किंवा आवडीत शोधू नये, ते नियमांत आहे. नर्सिंग कॉलेज चालवायचं तर भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे एमएस्सी झालेले शिक्षक लागतातच. रुग्णालय चालवायला मात्र एकही एमएस्सी नर्स लागत नाही. 2023च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2014 नंतर उभ्या राहिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात 157 नवी नर्सिंग कॉलेजं काढण्याची घोषणा झाली. म्हणजे शिक्षकांची मागणी आणखी वाढणार, आणि एमएस्सीची वाट आणखी ठळकपणे खडू-फळ्याकडे वळणार. शिकवणं हे कमी प्रतीचं काम नाही. चांगली ट्यूटर मिळाली नाही तर पुढच्या पंचवीस बॅचेस कच्च्या निघतात. पण शिकवायचं असेल तर ते ठरवून शिकवावं. रुग्णसेवेत वर जायचं म्हणून निघालेल्या बाईने न ठरवता वर्गात पोचावं, यात तिचीही फसगत आहे आणि वॉर्डाचीही.

सरकारी नोकरीतला पुरावा आणखी स्पष्ट आहे. राज्याच्या अधिपरिचारिका भरतीच्या जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात जीएनएम किंवा बीएस्सी असं एकाच ओळीत लिहिलेलं असतं आणि वेतनस्तर दोघींना एकच, एस-13, म्हणजे 35,400 पासून सुरू होणारा. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही बढतीची वाट प्रामुख्याने ज्येष्ठतेने चालते. वर गेलेली सिस्टर ड्युटी लिस्ट लावते, स्टॉक मोजते, लिनन आणि इंडेंटवर सह्या करते. जखम बघून निर्णय घेणं, औषधाचा डोस बदलणं, रुग्णाला घरी सोडता येईल का हे ठरवणं, यातलं काहीही तिच्या वाट्याला बढतीबरोबर येत नाही. म्हणजे एक वाट वर्गात जाते, दुसरी कपाटाच्या किल्ल्यांकडे. दोन्ही वाटांवर अनुभवी हात रुग्णापासून दूर होतो, आणि खाटेपाशी उरते ती नुकतीच पास झालेली मुलगी.

जगात या कोंडीवर उत्तर काढलं गेलं ते नर्स प्रॅक्टिशनर या नावाने. 1965मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तो सुरू झाला बालआरोग्यासाठी, कारण डॉक्टर पोचत नव्हते तिथे नर्स आधीपासून पोचलेली होती. हे मूळ लक्षात ठेवण्यासारखं आहे. आधी डॉक्टर नसलेली जागा, मग तिथे काम करणारी नर्स, मग तिचं प्रशिक्षण आणि त्यानंतर अनेक वर्षं भांडून मिळवलेला कायदेशीर अधिकार, असा तो क्रम होता. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 2020च्या मार्गदर्शिकेत अशा प्रगत भूमिकांसाठी किमान पात्रता पदव्युत्तर पदवी ठेवली, ती त्या प्रवासाच्या शेवटी.

आपल्याकडे हा क्रम उलट्या टोकाने सुरू झाला. भारतीय परिचर्या परिषदेने 2016च्या सुमारास क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम आणला. प्रवेशासाठी बीएस्सी आणि किमान एक वर्षाचा अनुभव, तोही शक्यतो अतिदक्षता विभागातला. अभ्यासक्रम म्हणून तो एमएस्सीपेक्षा सरस आहे असं मला वाटतं, कारण त्यात बराचसा वेळ थेट आयसीयूत जातो आणि व्हेंटिलेटर, रक्तवायूंचा अहवाल, रक्तदाब टिकवणारी औषधं यांवर प्रोटोकॉलच्या चौकटीत नर्सने निर्णय घ्यावा अशी अपेक्षा आहे. पण जागा कोणती निवडली? मोठ्या रुग्णालयाचं आयसीयू, म्हणजे देशात डॉक्टरांची दाटी सर्वाधिक असलेली खोली. तिथे इंटेन्सिव्हिस्ट आहे, भूलतज्ज्ञ आहे, एमडीचे विद्यार्थी आहेत. त्या रांगेत नर्स प्रॅक्टिशनर कुठे उभी राहणार, तिची सही कुठल्या कागदावर चालणार, याचं उत्तर ज्या रुग्णालयाने लेखी दिलं असेल तिथेच हा अभ्यासक्रम सार्थकी लागतो. एरवी दोन वर्षांनी ती जुन्याच शिफ्टमध्ये, जुन्याच पदावर, थोड्या जास्त आत्मविश्वासाने उभी असते. आत्मविश्वास काही थोडा नव्हे, पण त्यावर घराचा हप्ता फिटत नाही.

आणि डॉक्टर नसलेली जागा? ती शहाडपासून तासा-दीड तासावर, मुरबाड आणि शहापूरच्या पाड्यांत आहेच. तिथे आपण काय केलं हे पाहणं जास्त उद्बोधक आहे. 2018मध्ये आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करायचं ठरलं. 2023पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. प्रत्येक केंद्राला समुदाय आरोग्य अधिकारी मिळाला. केंद्र सरकारच्या आराखड्यात हे पद नर्सनाही खुलं होतं आणि तयारी होती अवघ्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राची. पद कंत्राटी, 25 हजार मानधन आणि कामगिरीप्रमाणे 15 हजारांपर्यंत मोबदला. पण या पदावरची व्यक्ती बाह्यरुग्ण तपासते, रक्तदाब-मधुमेहाची चाचणी करते, डॉक्टरने सुरू केलेली औषधं पुढे चालू ठेवते, कुणाला वर पाठवायचं ते ठरवते. एमएस्सीच्या दोन वर्षांनी जो अधिकार मिळत नाही त्यातला बराचसा इथे सहा महिन्यांत मिळतो. शिक्षण आणि अधिकार यांचं इतकं व्यस्त प्रमाण दुसऱ्या कुठल्या पेशात असेल असं वाटत नाही. महाराष्ट्राने यात आपली भर घातली: या पदांवर सुरुवातीपासून मोठ्या संख्येने घेतले गेले ते बीएएमएस पदवीधर. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण ज्या एका पदावर नर्सला स्वतंत्रपणे काम करता आलं असतं, ते आपल्या राज्यात तिच्यासाठी दुसऱ्या रांगेचं ठरलं, हे नोंदवायला हवं.

प्रसूतीच्या क्षेत्रात मात्र थोडा शहाणपणा दिसतो. जीएनएम किंवा बीएस्सी झालेली प्रत्येक नर्स नोंदणीने मिडवाइफही असते, आरएनआरएम यातली शेवटची दोन अक्षरं तेच सांगतात. तरी बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करण्याची मुभा तिला रुग्णालयात क्वचितच असते. 2018च्या डिसेंबरात केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा 18 महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. यात महत्त्वाचं हे, की अभ्यासक्रमासोबत कामाची जागाही आखली गेली: मिडवाइफच्या देखरेखीखाली चालणारे प्रसूतिकक्ष, जिथे कमी जोखमीची बाळंतपणं तिने करायची आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे सोपवायची. त्याआधी तेलंगण सरकारने हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनला सोबत घेऊन 2017मध्ये हे करून पाहिलं होतं, सरकारी सेवेतल्याच नर्स निवडून, प्रशिक्षण देऊन, परत सरकारी प्रसूतिगृहांतच नेमून. गरज किती आहे ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) दिसतं. देशात सिझेरियनचं प्रमाण 21.5 टक्के, सरकारी रुग्णालयांत 14.3 आणि खासगीत 47.4. खासगीत जवळजवळ निम्म्या बायकांच्या पोटावर सुरी चालते आणि त्याच वेळी हजारो नोंदणीकृत मिडवाइफ बाजूला उभ्या राहून ट्रे लावतात. सरकारी सेवेत असलेल्या, लेबर रूममध्ये मन रमलेल्या नर्सला या अभ्यासक्रमासाठी निवड होण्याची संधी आली तर एमएस्सीचा अर्ज बाजूला ठेवून तिने ती घ्यावी. खासगीतल्या नर्सला हे दार आज फारसं उघडं नाही, ही त्यातली मोठी उणीव.

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या नर्सने ज्या शाखेकडे मान वळवून पाहायला हवं आणि जी बहुतेकींच्या यादीत शेवटी असते, ती मानसिक आरोग्याची. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901पासून उभं आहे. राज्याच्या सेवेत मनोविकृती परिचारिका हे वेगळं पद आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात नर्सची जागा आहे, आणि 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिका कोणाला म्हणायचं याची व्याख्याच कायद्यात घातली. बाकी चार शाखांपैकी एकीलाही असा स्वतःचा कायदा नाही. शिवाय या शाखेत नर्सचं मुख्य हत्यार तिचं निरीक्षण आणि संभाषण हेच असतं. यंत्राच्या किंवा सर्जनच्या सावलीत तिला उभं राहावं लागत नाही. तरीही मुली टाळतात, कारण घरचे विचारतात, ‘वेड्यांच्या इस्पितळात काय करणार?’ बदनामी रुग्णाची असते आणि ती नर्सलाही चिकटते. लग्नाच्या बाजारात हा विषय अडतो असं उघड बोललं जातं. पण दहा वर्षं नोकरी करून पुन्हा शिकायला निघालेली बाई या दडपणातून पुष्कळ अंशी सुटलेली असते, म्हणून हा विषय कॉलेजातल्या मुलीपेक्षा तिच्या जास्त हाताशी आहे.

खासगी नर्सिंग होममधल्या सिस्टरचं काय? या पट्ट्यात संख्येने तीच सर्वांत जास्त आणि तिच्यापुढे पर्याय सर्वांत कमी. दोन वर्षं पूर्णवेळ वर्गात बसायचं म्हणजे दोन वर्षं पगार बंद, वर फी. सरकारी नर्सला अध्ययन रजा मागता येते, हिला मात्र राजीनामाच द्यावा लागतो. मुंबईतलं कॉलेज मिळालं तर कल्याणहून सीएसएमटीपर्यंत सुमारे 54 किलोमीटरची लोकल रोज दोनदा. अशा नर्सने भारतीय परिचर्या परिषदेच्या एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविकांकडे आधी पाहावं: क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह, आपत्कालीन सेवा. शिडीवर यांना पायरीचा मान नाही, त्यामुळे नातेवाइकांना सांगताना भारी वाटत नाही. पण मोठं खासगी रुग्णालय आयसीयूसाठी किंवा केमो डे-केअरसाठी माणूस शोधताना याच कौशल्याचा भाव करतं, आणि नर्स खाटेपाशीच राहते. पगाराबद्दल बोलायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी खाटांच्या संख्येनुसार शिफारस केली होती: 200हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि 50पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही 20 हजारांच्या खाली नाही. त्या शिफारशीत पदवी-पदविकेवरून पगार ठरत नाही, खाटांवरून ठरतो. म्हणजे वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये परतण्यासाठी पोस्ट बेसिक बीएस्सी करण्यापेक्षा, एक वर्षाच्या पदविकेच्या बळावर मोठ्या रुग्णालयात जाणं हा पगाराच्या दृष्टीने लांबचा पल्ला ठरू शकतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येईल, की पदं नाहीत म्हणून कुणी शिकलंच नाही तर पदं कधीच निर्माण होणार नाहीत. आधी माणसं तयार व्हायला हवीत. ऐकायला हे बरोबर वाटतं, पण एमएस्सीचाच इतिहास त्याच्या विरोधात आहे. अनेक दशकं एमएस्सी झालेल्या नर्स बाहेर पडत आहेत आणि वॉर्डात त्यांच्यासाठी वेगळं पद आलेलं नाही. नुसत्या पुरवठ्याने पद निर्माण झालं नाही. तेलंगणात जे झालं ते पद, प्रशिक्षण आणि कक्ष एकत्र आखल्यामुळे झालं. राष्ट्रीय आरोग्य धोरण, 2017ने नर्स प्रॅक्टिशनरचं केडर उभारण्याचं लिहून ठेवलं आहे, 2023चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा आला आहे. पद आखण्याचं ओझं या कायद्या-धोरणांच्या मालकांवर आहे. दोन वर्षांचा पगार सोडून शहाडच्या सिस्टरने ते उचलावं, अशी अपेक्षा करणं निष्ठुर आहे.

दुसरा आक्षेप परदेशाचा. एमएस्सी असेल तर बाहेर चांगलं मिळतं, ही समजूत कल्याण-डोंबिवलीत पक्की आहे. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. पण जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवताना खरी भिंत असते ती बी-टू पातळीच्या जर्मन भाषेची. जीएनएमच्या जोडीला ती भाषा असलेली मुलगी, भाषा नसलेल्या एमएस्सीच्या पुढे निघून जाते. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर तिथलीच पदव्युत्तर पदवी आणि तिथलीच प्रमाणन परीक्षा लागते. इथल्या एमएस्सीवर तो परवाना मिळत नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी वर्ष-दोन वर्षं भाषेला आणि वॉर्डातल्या सलग अनुभवाला द्यावीत.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2019च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या 32व्या कलमाने समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने 31 जुलैला देशभर संप केला. अर्धवट प्रशिक्षणावर औषधं लिहिण्याची मुभा दिली तर बोगस डॉक्टरांना राजमान्यता मिळेल, ही भीती होती. भीती खरी आहे, म्हणूनच सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर अधिकार सोपवणं हे मला दीर्घकाळाचं उत्तर वाटत नाही. पण मग तीन वर्षं जीएनएम, दोन वर्षं पोस्ट बेसिक, दहा वर्षं वॉर्ड आणि वर दोन वर्षं रेसिडेन्सी केलेल्या नर्सला ठरावीक औषधांपुरता, ठरावीक प्रोटोकॉलपुरता अधिकार द्यायला हरकत कोणती? याच राज्यात 2014मध्ये कायदा बदलून होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमावर ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट करून दिली गेली आणि त्यावर आजही भांडण चालू आहे. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा आरएमओ बीएएमएस किंवा बीएचएमएस असणं यात कुणाला नवल राहिलेलं नाही. रात्री दोन वाजता रुग्णाचा रक्तदाब घसरला की आरएमओला उठवायचं, त्याने सरांना फोन लावायचा, सरांनी झोपेत सांगितलेला डोस सिस्टरने भरायचा. या साखळीतला अनुभव बहुधा सिरिंज हातात असलेल्या कडीकडे जास्त असतो, आणि केस पेपरवर सही मात्र दुसऱ्याची.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: शिकणं हे शिकण्यासाठीही असतं, सगळंच पदाच्या तराजूत का तोलायचं? रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने शतकापूर्वी विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हा आजच्यासारखी पदश्रेणी कुठे होती? हे मान्य. पण त्या बायकांनाही शिकून हाताला काम आणि पायाखाली जमीन मिळाली, म्हणूनच तो प्रयोग टिकला. ज्या सिस्टरच्या घरी मुलांची फी आणि सासूबाईंचं डायलिसिस एकाच पगारावर चालतं, तिला निखळ ज्ञानानंदाचा उपदेश करणं सोपं आहे. तिने प्रवेश अर्जाआधी मेट्रनला किंवा एचआरला एक अर्ज द्यावा: हा कोर्स करून आल्यावर माझं पदनाम काय असेल, पगार किती वाढेल, आणि आज मी जे विचारून करते त्यातलं काय मी न विचारता करू शकेन? पहिल्या दोन प्रश्नांना कधीकधी उत्तर येतं. तिसरा प्रश्न वाचून बहुतेक ठिकाणी फाइल डॉक्टरांकडे पाठवली जाईल.